लिलीची फुले गळून गेल्यावर झाडाचे काय करावे? पुढच्या वर्षीचे फूल याच काळात ठरते

मे महिना संपत आला की नवी मुंबईत अनेक खिडक्यांच्या ग्रीलमध्ये, गच्चीवर आणि दारासमोरच्या कुंड्यांत लालभडक चेंडूसारखी फुले उमलतात. कुणी त्यांना मे फ्लॉवर म्हणते, कुणी फुटबॉल लिली. फोटो काढले जातात, स्टेटसला लावले जातात. आठ-दहा दिवसांत चेंडू तपकिरी पडतो आणि कुंडीकडे कुणाचे लक्ष राहत नाही. नंतर आलेली पाने ‘नुसतीच पाने आहेत’ म्हणून कापली जातात किंवा त्याच कुंडीत दुसरे रोप लावले जाते. मग पुढच्या मे महिन्यात प्रश्न पडतो, गेल्या वर्षी इतके सुंदर फूल आले होते, यंदा का नाही?

याचे उत्तर फूल गेल्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत दडलेले असते. या काळात झाडाला काय हवे असते, काय करू नये आणि कोणत्या लिलीची काळजी कशी घ्यावी, ते या लेखात सविस्तर पाहू. उदाहरणासाठी कोपरखैरणे भागातले बोनकोडे गाव घेतले आहे. इथले हवामान मुंबई, ठाणे आणि कोकण किनारपट्टीसारखेच असल्याने ही माहिती त्या सर्व भागांत उपयोगी पडेल.

आधी ओळखा, तुमची लिली नेमकी कोणती?

‘लिली’ हे नाव आपल्याकडे डझनभर वेगवेगळ्या झाडांना दिले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी लिली म्हणजे लिलियम या गटातली झाडे. बुके बनवणाऱ्यांकडे मिळणारी एशियाटिक आणि ओरिएंटल लिली याच गटातली. ही मुळात थंड हवेतली झाडे आहेत. भारतात ती हिमालयात, निलगिरीच्या डोंगरांत आणि मणिपूरच्या उखरूल भागात आढळतात. तिथली शिरुई लिली हे मणिपूरचे राज्यफूल आहे.

आपल्या घरांत दिसणाऱ्या बहुतेक ‘लिली’ मात्र ॲमॅरिलिस कुळातल्या आहेत. फुटबॉल लिली मूळची आफ्रिकेतली, तर रेन लिली, स्पायडर लिली आणि ॲमॅरिलिस या अमेरिका खंडातल्या. उष्ण हवामान त्यांना मानवते, म्हणून त्या आपल्याकडे सहज रुजल्या. पीस लिली तर अळूच्या कुळातली आहे. तिला कंदही नसतो.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण फूल गेल्यावर एका लिलीला पाणी तोडावे लागते, तर दुसरीचे पाणी तोडले तर ती मरते.

फूल गेल्यावर कंदात काय चालते?

लिलीचा कंद कांदा उभा चिरल्यासारखा डोळ्यांसमोर आणा. खाली चपटे खोड, त्यावर एकावर एक जाड पापुद्रे आणि मध्ये कोंब. हे पापुद्रे म्हणजे झाडाचे कोठार. फूल उमलताना झाड या कोठारातला बराच साठा वापरते. त्यामुळे फुले संपतात तेव्हा कंद अनेकदा आधीपेक्षा हलका आणि मऊ लागतो.

कोठार पुन्हा भरण्याचे काम पाने करतात. सूर्यप्रकाशात पानांनी तयार केलेली साखर खाली उतरते आणि पिष्टाच्या रूपात कंदात साठते. कंद पुरेसा भरला, तरच त्याच्या पोटात पुढच्या हंगामाची कळी तयार होते. ॲमॅरिलिसमध्ये साधारण चार पाने तयार झाल्यावर एक कळी धरते आणि ती बाहेर यायला वर्षाच्या आसपास काळ लागतो. म्हणजे या वर्षी दिसलेले फूल गेल्या वर्षीच्या पानांच्या कष्टाचे असते.

म्हणून हिरवी पाने कापू नयेत. पसारा दिसतो म्हणून पानांची वेणी घालणे, ती रबराने बांधून ठेवणे हेही टाळावे. बांधलेल्या पानांना ऊन कमी मिळते. पाने आपोआप पिवळी पडून वाळली आणि हलक्या हाताने ओढल्यावर सुटली, की मगच काढावीत.

आपल्याकडे खरा शत्रू थंडी नाही, साचलेले पाणी आहे

इंटरनेटवर लिलीच्या काळजीबद्दल बरीच माहिती इंग्रजीत आहे. ती युरोप-अमेरिकेच्या हवामानाला धरून लिहिलेली असते. बर्फ पडण्याआधी कंद काढा, हिवाळ्यात घरात आणा, असे सल्ले त्यात असतात. बोनकोडेसारख्या ठिकाणी बर्फ पडत नाही. इथे कंद मरतो तो पावसाळ्यात कुजून.

हवामान खात्यानुसार मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख 11 जून आणि परतण्याची 8 ऑक्टोबर आहे. या चार महिन्यांत मुंबई परिसरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फुटबॉल लिलीचे फूल मेअखेर किंवा जूनमध्ये संपते, म्हणजे कंद सर्वांत रिकामा असतो तेव्हाच पावसाला तोंड फुटते. पाऊस या झाडाला हवाच असतो. पण कुंडीत पाणी साचले तर मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि कंद बुडापासून सडतो.

बोनकोडे परिसरात आणखी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

* प्रकाश: गावठाणात घराला घर लागून असते आणि कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्येही खिडकीसमोर दुसरी भिंत असते. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश आणखी कमी होतो. फुले संपल्यावर कुंडी कोपऱ्यात सरकवण्याऐवजी सर्वांत उजेडाच्या जागी ठेवा.
* वारा आणि सरी: पावसाळी वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून, म्हणजे खाडीच्या बाजूने येतो. पश्चिमेकडच्या खिडकीतल्या कुंड्या थेट झोडपल्या जातात. मुसळधार पावसाच्या दिवसांत त्या थोड्या आत घ्याव्यात.
* माती आणि वाळू: ठाणे खाडीच्या काठाने पूर्वी भातखाचरे आणि मिठागरे होती. खाडीलगतची माती किंवा वाळू खारी असते. ती कुंडीसाठी आणू नका. क्षारांमुळे मुळे जळतात.

फुले संपल्यावर लगेच करायच्या पाच गोष्टी

1. सुकलेले फूल काढा. तसे न केल्यास झाड बी तयार करण्यात ताकद घालवते. फुलाचा मागचा फुगीर भाग, म्हणजे बीजकोश, फुलासोबत काढावा. बी हवे असेल तर एखादाच ठेवावा.

2. दांडा हिरवा असेल तर राहू द्या. हिरवा दांडाही अन्न तयार करतो. तो पिवळा पडला की कंदापासून दोन-तीन सेंटीमीटर वर कापा. कात्री आधी साबणाने धुऊन किंवा स्पिरिटने पुसून घ्या. अस्वच्छ कात्रीतून एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला लागतो.

3. निचरा तपासा. कुंडीच्या बुडाची भोके मुळांनी किंवा चिकट मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. कुंडी दोन विटांवर ठेवली तर पाणी सहज वाहून जाते. खालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका. तिच्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. ताटली ठेवणे भागच असेल तर आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा.

4. खत द्या. आठ-दहा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत आणि एक चमचा हाडांची पूड वरच्या मातीत मिसळा. हाडांची पूड नको असेल तर फक्त गांडूळखतही चालते. पाने वाढत असताना दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ते दोन ग्रॅम घालून देता येते. युरियासारखे नुसते नत्र देऊ नका. त्याने पाने लांब आणि लुसलुशीत होतात, फूल मात्र येत नाही.

5. नावाची पट्टी लावा. पाने गेल्यावर कुंडी रिकामी दिसते आणि घरातले कुणीतरी तिच्यात कोथिंबीर पेरते किंवा माती फेकून देते. कुंडीवर लिलीचे नाव आणि फूल आल्याचा महिना लिहून ठेवला की कंद वाचतो.

कोणत्या लिलीला फुलानंतर काय हवे?

फुटबॉल लिली किंवा मे फ्लॉवर. शास्त्रीय नाव स्कॅडोक्सस मल्टिफ्लोरस. फूल आधी आणि पाने त्याच्यासोबत किंवा मागाहून येतात. पावसाळाभर पाने जपा. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली तिला मानवते. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या. पाने वाळल्यावर पाणी बंद करा आणि कुंडी पावसाच्या सरी येणार नाहीत अशा कोरड्या जागी ठेवा. एप्रिलमध्ये थोडे पाणी सुरू केले की कोंब दिसू लागतो. या कंदाला सारखे हलवलेले आवडत नाही. तीन-चार वर्षे त्याच कुंडीत राहू द्यावे.

रेन लिली. गुलाबी, पांढरी किंवा पिवळी छोटी फुले येतात. हिचे शास्त्रीय नाव झेफिरँथिस असे आहे. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांनंतर पहिला दमदार पाऊस झाला की चार-पाच दिवसांत ती फुलते. एक फूल एक-दोन दिवसच टिकते, पण हंगामात अनेकदा बहर येतो. बहर ओसरल्यावर खत द्या. पावसात मोठा खंड पडला तर कुंडी आठवडा-दोन आठवडे कोरडी ठेवून मग भरपूर पाणी दिल्यास पुन्हा कळ्या येतात. हिला पूर्ण ऊन हवे आणि कुंडीत दाटी झालेली चालते.

ॲमॅरिलिस. लांब पोकळ दांड्यावर कर्ण्यासारखी मोठी फुले येतात. आपल्याकडे बहर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत भरपूर उजेड, खत आणि बेताचे पाणी द्या. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर असू द्या, म्हणजे पावसाचे पाणी मानेत साचून कंद सडत नाही. पावसाळा संपला की आठ ते दहा आठवडे पाणी जवळजवळ बंद करा. जानेवारीत पुन्हा पाणी सुरू करा. विश्रांती मिळाली नाही तर अनेकदा नुसती पानेच येत राहतात.

स्पायडर लिली. रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि बागांच्या कडेला लावलेली, कोळ्याच्या पायांसारख्या लांब पांढऱ्या पाकळ्यांची लिली. ही वर्षभर हिरवी असते. तिला पाणी तोडून विश्रांती द्यायची नसते. सुकलेले दांडे आणि तळाची पिवळी पाने काढा. गर्दी झाली की फुले कमी होतात, म्हणून तीन-चार वर्षांनी पिल्ले वेगळी करा.

नागदवणा. समुद्रकाठी रानटीही आढळणारी मोठ्या पानांची लिली. मोठी जागा किंवा ड्रम लागतो. फुलांनंतर जाड, मांसल बिया येतात आणि त्या ओल्या मातीवर नुसत्या ठेवल्या तरी रुजतात. झाड सदाहरित आहे. वाळलेली पाने काढण्यापलीकडे फार काही करावे लागत नाही.

कळलावी. हिला अग्निशिखा असेही म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. सह्याद्रीत आणि कोकणात पावसाळ्यात कुंपणांवर चढलेली दिसते. फुले संपून वेल वाळला की जमिनीखालचा कंद मेपर्यंत झोपेत असतो. तेवढा काळ माती कोरडी ठेवा. कंदाच्या टोकालाच नवा कोंब फुटतो. ते टोक तुटले तर तो कंद उगवत नाही. ही वनस्पती अतिशय विषारी आहे, त्याबद्दल पुढे पाहू.

पीस लिली. पांढरे ‘फूल’ हिरवट झाले की त्याचा देठ तळाशी कापा. कंद नसल्याने पाणी बंद करायचे नाही. माती किंचित ओलसर आणि जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नको.

एशियाटिक आणि ओरिएंटल लिली. भेट मिळालेल्या किंवा हिवाळ्यात विकत आणलेल्या कुंडीतली ही लिली आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच हंगामाची ठरते. पुन्हा फुलण्यासाठी तिच्या कंदाला किमान सहा ते आठ आठवडे फ्रिजसारखा गारवा लागतो आणि तो कोकणात मिळत नाही. प्रयत्न करायचा असेल तर पाने पूर्ण वाळल्यावर कंद काढा, किंचित ओल्या कोकोपीटमध्ये भोके पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. हा कंद पूर्ण कोरडा ठेवला तर सुकून जातो. जवळ केळी, सफरचंद, आंबा ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदातली कोवळी कळी मारतो. पिशवीवर ‘विषारी, खाऊ नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहा.

पावसाळ्यात पाने खाणारी काळी अळी

जुलै-ऑगस्टमध्ये एका सकाळी लिलीची पाने अचानक कुरतडलेली दिसतात. काळ्या अंगावर पांढरे आणि केशरी ठिपके असलेल्या अळ्या घोळक्याने पानांवर असतात. या लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या आहेत. स्पायडर लिली, ॲमॅरिलिस, रेन लिली आणि कळलावी हे त्यांचे आवडते खाद्य. दोन-तीन दिवसांत त्या अख्खी कुंडी फस्त करू शकतात.

नुकसान पानांचे दिसते, पण कोठार भरण्याच्या काळातच पाने गेल्याने फटका पुढच्या वर्षीच्या फुलाला बसतो. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहा. खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके दिसले तर तेवढा भाग पुसून काढा. अळ्या हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा. पावसाने औषध धुतले गेले तर पुन्हा फवारावे लागते. अळ्या मातीत कोश करतात, म्हणून वरची माती हलकेच उकरून कोश वेचा. पाने गेली तरी घाबरू नका. कंद घट्ट असेल तर नवी पाने फुटतात. ती फुटल्यावर खत द्या.

पिल्ले वेगळी कधी करावीत?

मोठ्या कंदाभोवती छोटे कंद तयार होतात. त्यांना बागकाम करणारे पिल्ले म्हणतात. विश्रांती घेणाऱ्या लिलींची पिल्ले विश्रांती संपताना, म्हणजे कोंब फुटण्याआधी वेगळी करावीत. सदाहरित लिलींसाठी पावसाळ्याची सुरुवात चांगली. पिल्लाला स्वतःची मुळे असावीत. तुटलेल्या जागी हळद किंवा बुरशीनाशक पूड लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा.

मातीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा भाताचे तूस हे मिश्रण पुरेसे आहे. नुसती लाल माती पावसाने दाबून घट्ट होते आणि निचरा थांबतो. पिल्लाला फूल यायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात.

घरात मुले किंवा मांजर असेल तर हे नक्की वाचा

लिलीचा कंद कांद्यासारखा दिसतो. ॲमॅरिलिस कुळातल्या कंदांत लायकोरीन नावाचे विषारी द्रव्य असते. ते पोटात गेल्यास उलट्या, जुलाब आणि पोटदुखी होते. म्हणून काढलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. पीस लिलीचे पान चावल्यास तोंडाची आणि घशाची आग होते.

कळलावीत कोल्चिसिन असते. तिचा कंद खाल्ल्याने मृत्यूही होऊ शकतो. लहान मुले असलेल्या घरात ती लावू नये. कंद खाल्ल्याची शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा आणि झाडाचा तुकडा किंवा फोटो सोबत न्या.

एशियाटिक, ओरिएंटल आणि डे लिली मांजरांसाठी जीवघेण्या आहेत. पान चावले किंवा अंगावर पडलेले परागकण चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फुलदाणीतले पाणीही धोक्याचे असते. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

तरीही फूल आले नाही तर?

* पाने भरपूर, फूल नाही: प्रकाश कमी, नत्र जास्त किंवा विश्रांती मिळाली नाही.
* पाने कमी आणि बारीक: कंद अजून लहान आहे किंवा गेल्या वर्षी पाने लवकर कापली गेली. एक वर्ष थांबा.
* पाने पिवळी, कंद मऊ आणि दुर्गंधी: कंद कुजला आहे. बाहेर काढा, सडलेला भाग निरोगी पांढरा भाग दिसेपर्यंत कापा, सुकवा आणि नव्या मातीत लावा. बुडाचे चपटे खोडच सडले असेल तर कंद वाचत नाही.
* कुंडी मुळांनी ठासून भरली आहे: पिल्ले वेगळी करा.

फुटबॉल लिलीचे वर्ष एका नजरेत

* मे-जून: फूल. सुकल्यावर काढा, निचरा तपासा, खत द्या.
* जुलै ते सप्टेंबर: पाने जपा, अळी शोधा, पंधरा दिवसांनी खत.
* ऑक्टोबर-नोव्हेंबर: खत बंद, पाणी कमी. पाने आपोआप वाळू द्या.
* डिसेंबर ते मार्च: पाणी बंद. कुंडी कोरडी ठेवा, नावाची पट्टी जागेवर आहे ना ते पाहा.
* एप्रिल: वरची एक-दोन इंच माती बदला, थोडे पाणी सुरू करा, उजेडात आणा.

फूल आठ-दहा दिवस टिकते, पाने चार-पाच महिने. त्या पानांना ऊन, निचरा आणि अळीपासून संरक्षण मिळाले, तर तोच कंद दरवर्षी फुलतो आणि सोबत पिल्लेही देतो. यंदाचे फूल गळले असेल तर आज एवढेच करा, सुकलेला चेंडू काढा, ताटली बाजूला करा आणि पानांना हात लावू नका.